आधी खेळाडू, मग मार्कर



ज्यांनी मैदान कधी गाजविले नाही अशा मास्तरांनी खेळाविषयी लिहावे, याचे तुम्हांस हसू येईल. तथापि प्रसंगच तसा घडला. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी इंग्लंडमधील स्विंडन येथे नोकरीस आहे. आपल्या गोव्याची पुष्कळ कुटुंबे त्या गावी जाऊन राहिली आहेत, हे तुम्हांपैकी काहींना घरच्या अनुभवानेच ठाऊक असेल. रविवारी सहकाऱ्यांसमवेत तो तिकडच्या रानात पेंटबॉल खेळतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा निरोप आला, "सर, स्वतःचा मार्कर घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ?" सोबत एका चकचकीत मार्करचे चित्र होते. दोनच दिवसांनी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "सर, घराच्या कर्जाचे हप्ते अजून फिटले नाहीत, आणि हा दोन महिन्यांची शिल्लक खेळण्यावर घालणार म्हणतो. तो तुमचे ऐकतो. तुम्हीच सांगा त्याला."

"घेऊ नकोस" एवढे सांगून मोकळे होणे सोपे होते. पण दिवसभर राबणाऱ्या तरुणाला आठवड्यातून एक दिवस मोकळ्या हवेत धावावेसे वाटले, तर तो काही अपराध नव्हे. म्हणून आधी आम्हीच विद्यार्थी झालो आणि या खेळाची माहिती मिळविली.

मार्कर म्हणजे खूण करणारे साधन. रानातील झाडांवर व कुरणातील गुरांवर लांबून रंगाची खूण करता यावी, म्हणून अमेरिकेत नेल्सन या रंगाच्या कंपनीसाठी असे पिस्तूल तयार झाले. १९८१ च्या जूनमध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथे बारा जणांनी ते हाती घेऊन रानात निशाणे पळविण्याचा डाव मांडला, आणि या खेळाचा जन्म झाला. त्या पहिल्या डावात रिची व्हाइट नावाचा रानात वावरलेला गडी जिंकला, आणि तोही एकही गोळी न उडविता! ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आमच्या म्हणण्याचे सार तिच्यातच आहे.

आता निवडीचा विचार करू. मार्कर मुख्यतः तीन तऱ्हेचे असतात. पहिल्यात प्रत्येक गोळीपूर्वी हाताने दट्ट्या मागेपुढे करावा लागतो. त्यात गोळ्या थोड्या खर्च होतात आणि नेम धरण्याची सवय लागते. दुसरा यांत्रिक. चाप ओढावा तशी एकेक गोळी सुटते. टिपमन ९८ हा या जातीचा मार्कर दणकटपणाबद्दल प्रसिद्ध असून, चिखलपाण्याची तो फारशी तमा बाळगीत नाही. तिसरा विजेरीवर चालणारा. तो सेकंदाला दहाच्या आसपास गोळ्या सोडू शकतो. हवेने फुगविलेल्या अडथळ्यांच्या लहानशा मैदानावर, जेथे सारा डाव काही मिनिटांत आटोपतो, तेथे ही चपळाई कामास येते. पण दोनशे गोळ्यांनी भरलेली डबी या वेगाने वीस सेकंदांत रिकामी होते, हे गणित आमच्या आठवीच्या मुलांनाही येईल. मार्कर एकदा विकत घ्यावा लागतो, गोळ्या मात्र दर रविवारी!

महाग मार्करची गोळी फार दूर जाते, हा एक मोठाच भ्रम आहे. जिलेटिनच्या वेष्टनातील या गोळीचा वेग मैदानावर यंत्राने मोजतात, आणि सेकंदाला तीनशे फुटांपलीकडे तो सहसा जाऊ देत नाहीत. स्वस्त असो वा महाग, सर्वांस मर्यादा एकच! लांब नळीनेही पल्ला वाढत नाही. नेम पुष्कळसा अवलंबून असतो तो गोळी नळीत किती नेमकी बसते यावर. गोळी ढकलणाऱ्या वायूचेही असेच. कार्बन डायऑक्साइड थंडीत आणि भराभर गोळ्या सोडताना आपला दाब गमावतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात दाबलेली साधी हवाच भरवशाची, आणि विजेरीच्या मार्करला तर बहुधा तीच लागते.

हे सर्व आम्ही त्याला लिहिले व शेवटी चार प्रश्न विचारले. तू खेळतोस कोठे, रानात की लहान मैदानावर? तुला पुढे धावून जाणे आवडते की झाडाआड दबा धरून बसणे? महिन्यातून किती वेळा खेळतोस? आणि आपल्या मैदानाचे नियम वाचलेस काय? याखेरीज एक गोष्ट बजावून सांगितली. पहिला पैसा मुखवट्यावर खर्च कर. हा खेळ डोळ्यांसाठी धोक्याचा आहे. मैदानात असेतोवर मुखवटा क्षणभरही उतरवावयाचा नसतो, आणि मैदानाबाहेर मार्करच्या नळीवर पिशवी चढविलेली असलीच पाहिजे.

त्याचे उत्तर महिन्याने आले. त्याने मित्रांकडून तीन रविवार तीन तऱ्हेचे मार्कर मागून घेतले होते. त्याने लिहिले होते, "सर, मी पुढे धावणारा नाहीच. मला आडोशाने जाऊन बावटा आणायला आवडते. त्या दिवशी उण्यापुऱ्या चाळीस गोळ्या मी उडविल्या असतील." चित्रातला मार्कर त्याने घेतला नाही. उत्तम मुखवटा नवा घेतला आणि यांत्रिक मार्कर एका सहकाऱ्याकडून वापरलेला घेतला. घराचा हप्ता चुकला नाही, हे त्याच्या आईने आम्हांस आनंदाने सांगितले.

आमचे मत एवढेच की, साधनाची निवड ही वस्तुतः स्वतःची ओळख होय. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आमच्या कोंकणी घरांतही तितकीच परिचयाची आहे. पण महागडे अंगण विकत घेऊन नाच येतो असे मानणारे आज त्याहून अधिक झाले आहेत. शेजाऱ्याची बॅट पाहून बॅट मागणारा, मित्राने विज्ञान शाखा घेतली म्हणून तीच धरणारा, आणि चित्र पाहून मार्कर घेणारा, या तिघांची चूक एकच. स्वतःस काय आवडते व काय साधते, हे त्यांनी स्वतःला विचारलेलेच नसते.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलाने काही मागितले, तर लगेच 'हो' म्हणू नये, आणि लगेच 'नाही'ही म्हणू नये. "तुला हे कशासाठी हवे?" असे विचारावे, आणि उत्तर शोधण्यास त्याला तीन रविवार द्यावेत. हेनिकरच्या रानात जो जिंकला, त्याच्याही हाती इतरांसारखेच पिस्तूल होते. तो जिंकला याचे कारण त्याला रान ठाऊक होते, आणि त्या रानात आपण काय करू शकतो हेही ठाऊक होते.