मधल्या सुट्टीतलं भांडण

मुलांनो, गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत मी डबा उघडते न उघडते तोच दोन तक्रारदार टेबलापाशी येऊन उभे राहिले. बहीण चौथीतली, माझ्याच वर्गातली. भाऊ सहावीतला. नावं सांगत नाही, कारण दोघंही हे पान वाचतात आणि नाव छापून आलं की आठवडाभर वर्गात मिरवतात!

भांडण असं होतं. बाळकुम पाड्यातल्या त्यांच्या घरी लॅब्रॅडॉरचं पिल्लू येणार होतं. एका ओळखीच्यांकडे सात पिल्लं झालेली, त्यातलं एक यांना द्यायचं कबूल झालेलं. आता नर घ्यायचा की मादी? बाबांचं म्हणणं नर, राखणीला बरा. भाऊ बाबांच्या बाजूला. आजीचं म्हणणं, "मादी नको गो बाय, पिल्लं झाली की ती टाकायला खाडीवर कोण जाणार?" आणि आमच्या चौथीतल्या बाईसाहेबांना मात्र त्या सातांतली एक मादीच आवडलेली. ती म्हणे हिच्या मांडीवर येऊन झोपली होती.

"बाई, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, जेवू द्या मला. पण दुपारी परिसर अभ्यासाच्या तासाला तोच विषय काढला. "कुत्रा आणि कुत्री यांत फरक काय?" एवढं विचारलं, तर 'कुत्री' शब्दाला मागच्या बाकांवर खसखस पिकली. का हसलात, ते मला ठाऊक आहे. बिचाऱ्या प्राण्याचं नाव आपण शिवी करून टाकलंय. गायीला कालवड झाली की घरात आनंद, शेळीला पाट झाली तरी आनंद. दूध वाढणार, गोठा वाढणार. कुत्रीला मादी पिल्लं झाली की मात्र गोणी शोधतात. मी मुलांना हात वर करायला सांगितले. नराच्या बाजूनं एकतीस, मादीच्या बाजूनं सहा.

तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "बाई, आमच्याकडे माणसांचं पण असंच बोलतात. पहिली मुलगी चालेल, दुसरी नको." ती स्वतः घरात दुसरी. वर्ग गप्प झाला. मलाही चटकन काही सुचलं नाही. फळ्यावरची तारीख मी उगाचच पुसून पुन्हा लिहिली. मग मी त्यांना ज्यूलीची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते.

फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला. आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पथकं मदतीला गेली आणि त्यांच्याबरोबर लॅब्रॅडॉर कुत्रीही गेली. नूरदागी नावाच्या गावात एका कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यावर ज्यूली नावाची मादी भुंकायला लागली. भुंकली म्हणजे खाली जिवंत माणूस आहे. खात्री करायला रोमिओ नावाच्या नराला त्याच जागी धाडलं. तोही भुंकला. ढिगारा उपसला, तेव्हा सहा वर्षांची एक मुलगी जिवंत बाहेर आली. आता सांगा, यात नर हुशार की मादी?

"पण बाई, झंजीर नर होता!" भाऊरायांसारखाच विचार करणारा एकजण ओरडला. खरंय. मुंबई पोलिसांचा झंजीर लॅब्रॅडॉर नर होता. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं हुंगून शोधून दिलेलं आरडीएक्स 3,329 किलो भरलं. 16 नोव्हेंबर 2000 रोजी तो गेला, तेव्हा त्याला मानवंदना देण्यात आली. आणि अंतराळात गेलेली लायका? मादी. 3 नोव्हेंबर 1957 ला स्पुटनिक-2 मधून ती गेली, पण परत आली नाही. रशियन शास्त्रज्ञ या कामाला माद्याच निवडत, आणि त्यामागचं एक कारण फार गमतीचं आहे. यानातल्या चिमुकल्या जागेत नराला लघवीसाठी पाय वर करायला जागाच नव्हती! पुढे 1960 च्या ऑगस्टमध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का या दोघी अंतराळात जाऊन सुखरूप परतल्या. स्ट्रेल्काला नंतर सहा पिल्लं झाली. त्यातली पुशिंका नावाची मादी 1961 साली थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या, केनेडींच्या घरी भेट म्हणून गेली. तिला कुणी खाडीवर नेली नाही.

आता मुद्द्याचं. पालकहो, हे तुम्हीही वाचा. पिल्लू हट्टानं मुलं आणतात, पण निस्तरावं तुम्हालाच लागतं.

मोठ्या जातींत नर मादीपेक्षा अंगानं थोराड असतो. लॅब्रॅडॉरचा नर साधारण 29 ते 36 किलोचा, मादी 25 ते 32 किलोची. जर्मन शेफर्ड, ज्याला आपण अल्सेशियन म्हणतो, त्याचा नर 30 ते 40 किलो आणि मादी 22 ते 32. शाळेच्या आरोग्य तपासणीत माझ्या चौथीतल्या या मुलीचं वजन 26 किलो भरलं होतं. आता मनाशी चित्र काढा. बाळकुम नाक्यावर, मेट्रोच्या खांबांमधून ट्रक चाललेत, पलीकडे एक मांजर पळालं आणि पस्तीस किलोच्या नरानं 26 किलोच्या मुलीच्या हातातल्या साखळीला हिसका दिला. मादीही ओढेल, ती काही गरीब गाय नव्हे. पण वजनातला फरक लहान हातांना कळतो.

राखणीचं म्हणाल, तर दाराशी भुंकायला दोघंही सारखीच. नर जास्त शूर आणि मादी जास्त मायाळू, हे आपण सिनेमात पाहून ठरवलेलं आहे. स्वभाव एकेका पिल्लाचा वेगळा असतो. 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा एक अभ्यास छापून आला. त्यात दिसलं, की कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकांपैकी फक्त 9 टक्के फरक त्यांच्या जातीवरून सांगता येतो. जातीवरून इतकं थोडं कळतं, मग नुसतं नर की मादी एवढ्यावरून स्वभाव कसा ओळखणार? त्यापेक्षा पिल्लांची आई पाहून या. अनोळखी माणसाला ती कशी सामोरी येते, पिल्लांना हात लावू देते का, पिल्लं टाळीच्या आवाजानं पळतात की जवळ येतात, ते बघा. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. 2017 च्या नियमांनुसार ते विकताच येत नाही.

आजीची काळजी मात्र खोटी नव्हती, हे मी त्या दोघांना सांगितलं. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि ते सुमारे तीन आठवडे चालतं. मोठ्या जातीत पहिली खेप आठ-दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत केव्हाही येऊ शकते. त्या दिवसांत फरशीवर डाग पडतात आणि गल्लीतले झाडून सारे कुत्रे दाराशी येऊन बसतात. शेजाऱ्यांची झोप उडते ती वेगळीच. नजर चुकली, की सुमारे त्रेसष्ट दिवसांनी सहा-आठ पिल्लं, कधी दहासुद्धा.

पण मुलांनो, त्या सहा-आठ पिल्लांना बापही असतो ना! तो कुठून आला? कुणीतरी "आपला नर आहे, आपल्याला काय" म्हणून मोकळा सोडलेला. नर ठेवला की कटकट नाही, हे मी तरी कधीच मान्य करणार नाही. त्याला कारण आहे.

मी तिसरीत असताना आमच्याकडे शेरा नावाचा अल्सेशियन होता. पूर्ण अल्सेशियन होता की अर्धा, देव जाणे. पण गावात तसा दुसरा नव्हता आणि माझे वडील त्याच्या छातीकडे बघून खूश व्हायचे. एरवी शहाणा. पण कुठे मादी माजावर आली, की त्याचं खाणं बंद. रात्रभर रडायचा, दाराचं लाकूड ओरबाडायचा. कुत्र्याच्या नराला तो वास फार लांबून येतो, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला गप्प बसवायला ओरडायचो. मी तर एकदा पट्टीनं मारलं. एका पहाटे साखळीची कडी तुटली आणि शेरा जुन्या आग्रा रोडवर पळाला. भिवंडीकडून येणाऱ्या एका ट्रकखाली सापडला. वडिलांनी त्याला गोणपाटात गुंडाळून आणलं, ते मला अजून दिसतं. ट्रकवाल्याचा दोष नव्हता. शेराचं ऑपरेशन करता येतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं, तरी वडिलांनी "नराचं कसलं ऑपरेशन?" म्हणून हसण्यावारी नेलं असतं, हेही खरं.

तर ते ऑपरेशन, म्हणजे नसबंदी, दोघांचीही होते. मादीचं ऑपरेशन जरा मोठं, कारण पोट उघडावं लागतं. पण त्यानंतर माज नाही, नको असलेली पिल्लं नाहीत. शिवाय वय झालेल्या माद्यांच्या गर्भाशयात पू होतो, तो जिवावर बेतणारा आजारही टळतो. नराचं ऑपरेशन सोपं. त्यानं बाहेर पळणं, जागोजागी पाय वर करून खूण करणं पुष्कळ कमी होतं. राखण करणं काही जात नाही. एक मात्र लक्षात ठेवा, मोठ्या जातीची हाडं सावकाश भरतात. फार लहानपणी नसबंदी केली, तर पुढे सांध्यांचं दुखणं लागू शकतं. म्हणून केव्हा करायची, ते पशुवैद्यांना पिल्लू दाखवून विचारा, शेजाऱ्यांना नव्हे. घरात आधीच एक कुत्रा असेल, तर दुसरा शक्यतो उलट लिंगाचा आणा. दोन नर किंवा दोन माद्या यांची मोठेपणी जास्त जुंपते. पण नर-मादी एकत्र आणलीत, तर नसबंदी आलीच.

एवढं सगळं सांगून झाल्यावर भाऊ म्हणाला, "म्हणजे बाई, उत्तर काय?"

मी त्यांना उत्तर दिलं नाही, गृहपाठ दिला. पंधरा दिवस रोज पहाटे साडेपाचला उठायचं, हातात रिकामी दोरी घ्यायची आणि पाड्याला एक फेरी मारून यायची. संध्याकाळी पुन्हा तसंच. परीक्षा असो, पाऊस असो. तोवर पिल्लू आणायचं नाही.

पहिले तीन दिवस दोघं गेली. चौथ्या दिवशी भावाचा पाय दुखायला लागला. (सातव्या दिवशी तोच पाय क्रिकेट खेळताना मी पाहिला.) बहीण मात्र एकटी, हातात दोरी घेऊन. दूधवाले हसायचे, "कुत्रा कुठंय गो?" नवव्या दिवशी अंधारात पोरीला एकटी कशी सोडायची म्हणून आजी तिच्याबरोबर निघाली आणि मग रोजच निघू लागली. मला म्हणाली, "बाई, गुडघं मोकळं झालं माझं."

सोळाव्या दिवशी आजी शाळेत आली. मला वाटलं, आता तक्रार येणार. तिनं पदराच्या गाठीतून एक कागद काढला. पशुवैद्यांकडून लिहून आणलेला, लसीच्या तारखांचा. खाली शेवटच्या ओळीत मादीच्या ऑपरेशनबद्दल लिहिलेलं होतं. अक्षर डॉक्टरांचं, त्यामुळे आजीला काही लागलं नव्हतं.

"हे जरा वाचून दाखवा बाई," ती म्हणाली. "आणि टाके किती दिवसांनी काढतात, ते पण सांगा."