झिंगालाला आणि आपण

डिसेंबर आला की नागपुरात दोन गोष्टी हमखास येतात. विधिमंडळाचं अधिवेशन आणि शाळांची गॅदरिंगं. अधिवेशनावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी आपला गॅदरिंगवर लिहितो.

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गाच्या वाट्याला 'आदिवासी नृत्य' येतं. मग काय, पोरांच्या तोंडाला काळा रंग, कमरेला प्लास्टिकची पानं, डोक्यात पिसं, हातात पुठ्ठ्याचा भाला आणि डीजेवर कुठलंतरी झिंगालाला! आमच्या फॅमिली ग्रुपवरही असा एक व्हिडिओ आला. खाली 'सो क्यूट'ची रांग. ताई, वहिनी, रागावू नका, पण मला ते मुळीच क्यूट वाटलं नाही.

हा वेश नक्की कुणाचा? महाराष्ट्रात चाळीसहून जास्त आदिवासी जमाती आहेत. त्यातल्या कुणाचाच नाही. हा हिंदी सिनेमाच्या कपडेपटाचा आहे.

इथून चार-पाच तासांवर मेळघाट आहे. तिथल्या कोरकूंचं गदली-सुसून बघा. पुरुष धोतर-पागोट्यात, बायका लुगड्यात, साथीला ढोलकी आणि बासरी. होळी हा त्यांचा मोठा सण, नाच त्या सणाचा भाग. गडचिरोलीच्या माडियांचा रेला बघा. एकमेकींना धरून फेर धरलेला, आणि गाणं नाचणारेच म्हणतात. किनवट-आदिलाबादकडच्या गोंडांच्या दंडारीतला घुसाडी मोरपिसांचा भलामोठा टोप घालतो खरा, पण त्या टोपाची आधी पूजा होते. आदिलाबादकडच्या कनक राजूंना याच घुसाडीसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. आणि आपण? भाड्याच्या दुकानातून पिसं आणतो!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे, लहान मुलं आहेत, कौतुकानंच करतात." बरं. उद्या दिल्लीतल्या एखाद्या शाळेनं 'मराठी नृत्य' म्हणून नऊवारीवर भांगड्याची पगडी चढवली आणि पोरांना 'हुर्र हुर्र' करत नाचवलं, तर आपण कौतुक म्हणू? दुसऱ्या दिवशी मोर्चा निघेल.

शिवाय त्याच वर्गात गोंड, हलबा, कोरकू घरातलं एखादं पोर बसलेलं असतं, हे कुणाच्या लक्षात येतं का? सगळी शाळा हसत असताना त्यानं टाळ्या वाजवायच्या की मान खाली घालायची?

निदान नागपूरकरांनी तरी हे करू नये. हे शहर वसवलं देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे ज्यांच्या गावात आपण राहतो, त्यांचीच सोंगं काढतो.

आदिवासी नाच शाळेत नकोच, असं माझं म्हणणं नाही. जरूर हवा. पण नाचाचं नाव सांगा, जमातीचं नाव सांगा, तो कधी आणि का नाचतात ते सांगा. शिकवायला त्या समाजातलाच माणूस बोलवा आणि त्याला रीतसर मानधन द्या. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरातच आहे, त्यांना कलावंतांबद्दल विचारता येईल. एवढं जमत नसेल तर सरळ कोळीगीत बसवा, तेही नीट.

असो. जाता जाता एकच. कोरकू या शब्दाचा कोरकू भाषेतला अर्थ आहे, 'माणसं'. बस, तेवढं लक्षात राहिलं तरी पुरे.