यंत्रमानवांची कामवाटणी आणि माणसाची गणना

हिवाळ्याच्या तोंडाशी नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू झाली आणि शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर ती वाळत पडू लागली, म्हणजे कोणत्या वाहनातील माल कोणत्या टोळीने आधी उतरावयाचा, कोणास काट्याकडे धाडावयाचे आणि कोणास क्षणभर विसावा द्यावयाचा, हा निवाडा मुकादमाच्या मुखातून होत असतो. तो अन्यायाचा वाटला तर मुकादमास समोरासमोर जाब विचारता येतो. आणि श्रमाच्या कारभारात ही सोय मजुरीच्या दराइतकीच मोलाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

ऑनलाइन व्यापाराच्या विस्तीर्ण गोदामांतून हीच वाटणी आता गणिताच्या स्वाधीन होत चालली आहे. २००३ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या किवा सिस्टिम्स या कंपनीने बुटक्या यंत्रमानवाने मांडणीखाली शिरावे, ती मालासकट उचलावी आणि कामगारापुढे आणून उभी करावी, अशी योजना सिद्ध केली. २०१२ साली अ‍ॅमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना खरेदी केली. आपल्या पुण्यातही अनबॉक्स रोबोटिक्स ही कंपनी पार्सलांची वर्गवारी करणारे छोटे यंत्रमानव बनविते.

यातील मर्म यंत्राच्या चाकांत नसून नेमणुकीच्या नियमात आहे. समजा, पहिला यंत्रमानव एका मांडणीपासून १० व दुसरीपासून १२ पावलांवर आहे, आणि दुसरा यंत्रमानव त्याच मांडण्यांपासून अनुक्रमे १२ व ४० पावलांवर आहे. जवळचे काम जवळच्याला दिले तर एकूण ५० पावले पडतात; उलट वाटणी केली तर २४ पुरतात. यंत्रे दहा व कामेही दहा झाली की वाटणीचे प्रकार ३६,२८,८०० होतात. त्यांतून सर्वांत स्वस्त प्रकार झटपट हुडकण्याची रीत हॅरोल्ड कून यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली आणि ज्या हंगेरियन गणितज्ञांच्या कार्यावर ती उभी होती, त्यांच्या सन्मानार्थ तिला हंगेरियन पद्धत हे नाव दिले. प्रत्यक्ष गोदामात बॅटरीचा उतार, गल्लीतील कोंडी आणि क्षणोक्षणी येणाऱ्या नव्या मागण्या यांमुळे हा हिशेब अखंड नव्याने मांडावा लागतो.

परंतु स्वस्त म्हणजे कशात स्वस्त, हे गणित ठरवीत नाही. ते मालक ठरवितो. मांडणीच कामगाराकडे चालत आल्याने त्याची पायपीट वाचली, हा उपकार मी मनःपूर्वक मान्य करतो. मात्र एक मांडणी हलली की दुसरी पुढे उभी राहणार असेल, तर त्याच्या मनगटाचा, कमरेचा आणि तहानेचा हिशेब कोणीतरी नेमणुकीच्या त्याच कोष्टकात मुद्दाम लिहिला पाहिजे. जड मालाच्या मांडण्या लागोपाठ एकाच माणसाकडे न धाडणे, दर तासाला किती मांडण्या यावयाच्या याची मर्यादा घालणे, या अटी नियमात बसविणे मुळीच दुःसाध्य नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील कुटुंबे आजही ऊसतोडीसाठी गुजरातेत स्थलांतर करतात. त्यांची आयटीआय शिकलेली मुले उद्या सुरतेच्या वा भिवंडीच्या गोदामात उभी राहतील, तेव्हा त्यांना जाब विचारण्यास मुकादमही उरलेला नसेल. ज्या महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून हमालांची नोंद, मजुरी आणि कल्याण हे माथाडी मंडळांच्या दफ्तरी आणले, त्या महाराष्ट्राने येथे स्वस्थ बसणे उचित नव्हे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून गोदाममालकाने कामाचा कोटा कामगारास लेखी कळविणे बंधनकारक आहे, आणि ज्या कोट्यामुळे जेवणाची वा विश्रांतीची सुटी बुडते, तो पाळण्याची सक्ती करता येत नाही. आपल्या शासनाने एवढ्यावर न थांबता, यंत्रांची नेमणूक कोणत्या अटींवर होते ते मराठीत गोदामाच्या दर्शनी भागी लावण्याची, आणि अक्राणीतल्या धडगावच्या मुलाला ते त्याच्या बोलीत समजावून सांगण्याची सक्ती करावी. तसेच त्या अटी तपासण्याचा अखत्यार माथाडी मंडळांस द्यावा.