शाळिग्राम कुठून आला?

साप्ताहिक सदर : कातळाच्या पोटात

आमच्या देवघरात मुठीत मावेल एवढा एक शाळिग्राम आहे. काळाभोर, गोल, एका अंगाला टवका उडालेला. त्या टवक्यातून आतलं चक्र दिसतं : आतून बाहेर मोठं होत जाणारं वेटोळं आणि त्यावर बारीक उभ्या कड्या. वज्रकीटकानं दगड पोखरून ते कोरलं, असं आजी सांगायची. अभिषेकाच्या वेळी तो हातात देताना ती आम्हाला दोन्ही हात पुढं करायला लावायची. तो कुणी आणला, कुठून आणला, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

चक्र कोरणारा किडा नव्हता, पण चक्रात राहणारा प्राणी होता. त्याचं नाव अमोनाइट. कोळणीच्या टोपलीत आपण माकूळ बघतो, तिच्याच कुळातला. फक्त हा वेटोळ्या कवचात राहायचा. कवच आतून पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेलं. प्राणी सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात, आणि मागच्या कप्प्यांतल्या वायूमुळे तो पाण्यात तरंगता राही. मेल्यावर कवच समुद्रतळाच्या चिखलात रुतलं, भोवतीचा चिखल घट्ट होत त्याचा गोळा झाला. तो समुद्र टेथिस. भारताचा भूखंड उत्तरेकडं सरकत आशियाला भिडला, समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि हिमालय उभा राहिला. नेपाळात मुक्तिनाथच्या परिसरात काली गंडकी नदी तोच काळा थर कापत उतरते. थर सुमारे १४ ते १६ कोटी वर्षांचा. त्यातले गोळे निसटतात, नदीत घासून गुळगुळीत होतात आणि काठाला लागतात.

म्हणजे डोंबिवलीतल्या, कल्याणमधल्या, ठाण्यातल्या कितीतरी दोन खोल्यांच्या घरांत एकेक समुद्री प्राणी पिढ्यान्‌पिढ्या आंघोळ करतो आहे, तुळशीच्या लग्नात नवरदेव होतो आहे. जीवाश्म जमवण्याचा छंद आपल्याकडं नाही असं म्हणतात. मला ते पटत नाही. संग्रह घराघरात आहे. नाही ती त्याची नोंद.

आणि नोंदीची रीत आपल्याला परकी आहे असंही नाही. पंचायतन आठवा. विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा, शिवाचा बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा दगड शोण नदीचा, देवीचा दगड सुवर्णमुखीचा. एका ताम्हनात बसलेले हे दगड आपापल्या नदीच्या नावानं ओळखले जातात. कुठल्या पाण्यातून आला ते ठाऊक नसेल तर तो नुसता गोटा, हे ज्यानं ठरवलं त्याला जीवाश्मशास्त्राचा पहिला नियम कळला होता. गंडकीचा शाळिग्राम म्हणताना आपण दगडाचा पत्ताच सांगत असतो. आता तो पत्ता घराघरातून पुसला जातो आहे.

आपल्या परिसरात ही गोष्ट जास्तच महत्त्वाची, कारण आपल्या पायाखाली समुद्री जीवाश्म नाहीतच. मलंगगड, पारसिकचा डोंगर, येऊर, सगळा लाव्हाचा कातळ. दख्खनच्या लाव्हाचा मोठा लोंढा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि अमोनाइटही जगातून त्याच सुमाराला नाहीसे झाले. आपला डोंगर घडत होता तेव्हा शाळिग्रामातल्या प्राण्याचं कूळ संपत होतं, हे मनात आलं की मला मलंगगडाकडं नुसतं बघवत नाही. खाणीवरून किंवा ट्रेकवरून लोक माझ्याकडं दगड घेऊन येतात. त्यातली नेच्याची पानं म्हणजे मँगनीजची नक्षी असते. किड्यांच्या नळ्या म्हणजे लाव्हातून वर चढलेल्या वायूच्या वाटा, पुढं खनिजांनी भरलेल्या. डायनासोरचं अंडं म्हणजे कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यानं झिजलेला बेसाल्टचा गोळा. फुलं म्हणजे झिओलाइटचे स्फटिक. माणसं हिरमुसतात. त्यांनी हिरमुसू नये, कारण जीवाश्म काय नाही हे कळणं हा ओळखण्यातला अर्धा अभ्यास आहे.

उरलेला अर्धा खाडीवर होतो. गोगलगाईचा शंख आतून सलग पोकळ असतो. अमोनाइटला पडदे असतात, आणि पडदा कवचाला जिथं चिकटतो तिथं नेच्याच्या कडेसारखी झालरदार शिवण उमटते. बहुतेक शिंपल्यांच्या दोन झडपा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. शिंपल्यासारख्याच दिसणाऱ्या ब्रॅकिओपॉडच्या दोन झडपा वेगळ्या, पण प्रत्येक झडप मधोमध दुमडली तर दोन्ही अर्धी जुळतात. भरती ओसरल्यावर शिंपल्या हातात घेऊन ही सममिती एकदा नीट बघितली, की १६ कोटी वर्षांपूर्वीच्या कवचापुढं बावरायला होत नाही.

दर हिवाळ्यात आपल्याकडची मंडळी कच्छचं रण बघायला जातात. भुजच्या आसपासच्या टेकड्यांत ज्युरासिक समुद्राचे थर उघडे पडले आहेत. मुंबई इंजिनिअर्सचा कॅप्टन ग्रँट तिथं नकाशा करता करता जीवाश्म गोळा करत होता. त्याचं काम १८४० मध्ये छापून आलं आणि त्यातल्या जीवाश्मांचं वर्णन सॉवर्बीनं केलं. पुढं वागेननं १८७३ ते १८७५ मध्ये कच्छच्या अमोनाइटवर ग्रंथ लिहिला. ग्रँट लष्करातला माणूस, छंद म्हणूनच यात पडलेला. नागपूरचा स्टीफन हिस्लॉप मिशनरी. त्यानं टाकळीच्या आसपास गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे जीवाश्म जमवले आणि १८६० मध्ये त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. १८६३ मध्ये तो पुराच्या पाण्यात बुडून गेला. ती टाकळी आज नागपूर शहरात मिसळून गेली आहे, पण अभ्यासकाला तिथला थर अजून सांगता येतो, कारण शंखाबरोबर गावाचं नाव लिहिलेलं होतं.

नाव खोटं लिहिलं तर काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. पंजाब विद्यापीठाचे विश्वजित गुप्ता हिमालयातल्या जीवाश्मांवर वर्षानुवर्षं शोधनिबंध लिहीत होते. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की हिमालयाचे म्हणून छापलेले काही अमोनॉइड (अमोनाइट ज्या मोठ्या गटातले, त्या गटातले जीवाश्म) मोरोक्कोतल्या अमोनॉइडांसारखे हुबेहूब आहेत, आणि मोरोक्कोतला तसला माल दुकानांत विकत मिळतो. विद्यापीठानं चौकशी नेमली. जीवाश्म खरे होते, पत्ता संशयास्पद होता. तेवढ्यावर हिमालयाच्या थरांविषयी त्या निबंधांवर उभं राहिलेलं बरंचसं काम पुन्हा तपासावं लागलं. प्रदर्शनात मांडलेले पॉलिश केलेले अमोनाइट बघताना मला हे आठवतं. विक्रेत्याला गाव विचारा. ‘बाहेरून आलाय’ एवढंच उत्तर मिळालं, तर माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नका.

कच्छमध्येही हातोडी घेऊन उतरू नका. खडकातच बसलेला जीवाश्म दिसला तर शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा आणि वहीत गावाचं नाव, ओढा, वरचा-खालचा थर, तारीख लिहा. अभ्यासकाला त्या फोटोचा उपयोग होतो. उपटून आणलेल्या, पत्ता नसलेल्या तुकड्याचा होत नाही.

पण मला जास्त काळजी देवघरांची वाटते. वडीलधारी गेली, घर आवरलं, मुलं पुण्याला किंवा परदेशी. देव ठेवायचे कुठं, म्हणून कापडात बांधून उल्हासच्या खाडीत सोडले जातात. मी त्यांना दोष देत नाही. ती श्रद्धेनंच केलेली पाठवणी असते. तरीही रेतीबंदरच्या चिखलात हिमालयातले अमोनाइट रुतून बसताहेत, ही कल्पना मला सहन होत नाही. शाळिग्राम सोडायचाच असेल तर आधी विचारा, नात्यात कुणी घेईल का. नाहीतर भूविज्ञान शिकवणाऱ्या एखाद्या महाविद्यालयाकडं जा. तिथं तो ठेवून घेतील की नाही, हे त्याच्याबरोबर काय लिहिलेलं आहे यावर बरंच अवलंबून असेल. पूजा चालू असेल तर ती तशीच चालू राहू दे. तो कापू नका, घासू नका, चक्र उठून दिसावं म्हणून तेल-रंग लावू नका. फक्त एक चिठ्ठी करा.

मी आमची परवा करायला घेतली. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं : २१० ग्रॅम. टवक्यातून दिसणाऱ्या कड्या मोजल्या, फोटो काढले. आणणारा : आजोबा किंवा त्यांचे वडील. ठिकाण : आई म्हणते मुक्तिनाथ, काका म्हणतो काशीहून कुणीतरी दिला. साल रिकामं आहे. आता हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती उरली आहे, माझी आत्या. ती ८६ वर्षांची आहे, कल्याणला पारनाक्याजवळ राहते. तिला सकाळी बरं वाटतं, म्हणून रविवारी पहिल्या गाडीनं जातो आहे. शाळिग्राम बरोबर नेणार आहे. हातात दिला तर तिला आठवेल.