"द्या इकडे, मी करतो" हे आधी बंद करूया

परवा तालुक्याला ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात रांगेत उभा होतो. माझ्या पुढे पन्नाशीच्या एक मावशी. पोराने पासवर्ड विचारला. मावशींनी पिशवीतून वहीचा कागद काढून काउंटरवर ठेवला. आधार नंबर, खाते नंबर, पासवर्ड, सगळं त्यावर. मग फोनही त्याच्या हातात दिला. "ओटीपी आला की तूच बघ रे बाबा." मागे आम्ही सात-आठ जण. कागद सगळ्यांना दिसत होता.

मावशींना हसू नका. त्या तरी काय करणार? सातबारा ऑनलाइन. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर. लाडकी बहीणची ई-केवायसी ऑनलाइन. उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार' पोर्टलवर. कारभार कॉम्प्युटरवर गेला हे चांगलंच झालं, खेटे कमी झाले. पण ज्या माणसाने आयुष्यात कधी माउस धरला नाही त्याला तिथपर्यंत कोणी न्यायचं, हे कुणीच ठरवलं नाही.

कोर्स आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत. एमएस-सीआयटी २००१ पासून आहे, पण बहुतेक जण तो करतात नोकरीच्या सर्टिफिकेटसाठी. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ साली आलं. मोफत, २० तासांचं, घरटी एक माणूस, वय १४ ते ६०. देशभरात ६ कोटींहून जास्त लोक शिकल्याची सरकारी नोंद आहे. मार्च २०२४ मध्ये ते संपलं. आता घरटी एकच म्हटल्यावर घरातून कोण जाणार? कॉलेजचं पोरगं. आई चुलीपाशी आणि आजोबा तर वयातच बसत नाहीत. ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर.

आता स्वतःची चूक सांगतो. माझे वडील ६४ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. हिशोबाला एकदम पक्के. त्यांना कॉम्प्युटर शिकवायला बसलो. माउस सरकवत टेबलाच्या कडेला गेले आणि थांबले. तो उचलून परत मध्ये ठेवायचा असतो हे मी सांगितलंच नव्हतं. डबल क्लिक करताना हात हलायचा, फाईल भलतीकडेच जायची. कीबोर्ड बघून म्हणाले, "ही एबीसीडी कुणी सांडून ठेवलीय?" दोन मिनिटांत माझा धीर सुटायचा. "अण्णा, द्या इकडे, मी करतो." तीन महिने हेच चाललं. ते काही शिकले नाहीत आणि दोष मात्र मी त्यांच्या वयाला देत होतो.

मग एक नियम केला. मी शेजारी बसायचं, माउसला हात लावायचा नाही. करतील ते अण्णाच. पायऱ्या त्यांनी त्यांच्या डायरीत, त्यांच्याच शब्दांत लिहायच्या. आणि सुरुवात त्यांच्या कामापासून. वर्ड-एक्सेल नाही, आपल्या शेताचा सातबारा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली. दुकानात पाच मिनिटांत झाला असता. पण दुसऱ्या वेळी पंधराच लागली. आता शेजारचे काका त्यांच्याकडे येतात आणि अण्णा त्यांना म्हणतात, "मी सांगतो, तुम्ही दाबा."

मोठ्या माणसाची बुद्धी कमी नसते. त्याला चुकण्याची लाज वाटते. "काही बिघडलं तर?" ही भीती असते. पोरांसमोर बोट थरथरतं. २० तास संपले की क्लास बंद, आणि पंधरा दिवसांनी सगळं विसरलेलं. त्याला तीच गोष्ट पाचव्यांदा न चिडता सांगणारं माणूस पाहिजे.

आणि हे काही आपल्याला नवीन नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना अक्षरओळख करून द्यायची, गावातच. तेव्हा अंगठा द्यावा लागणं ही गावाला खटकणारी गोष्ट होती. आज पासवर्डचा कागद काउंटरवर ठेवणं हा नवा अंगठाच आहे. फरक इतकाच की त्या अंगठ्याने खातं रिकामं होऊ शकतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. झेडपी शाळेतले कॉम्प्युटर संध्याकाळी बंदच असतात. गावात वाचनालय असतं. आठवड्यातले दोन दिवस, एक-एक तास. कॉलेजची चार मुलं-मुली. वयाची अट नाही, सर्टिफिकेट नाही. येणाऱ्याने आपलं खरं काम घेऊन यायचं. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी पाठ: ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करायचा. बायकांसाठी वेळ त्यांना विचारून ठरवायची, नाहीतर पुन्हा पुरुषच येतील.

येत्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी देणार आहे. तुमच्या गावातही कुणीतरी द्या. वीज, चाव्या आणि देखरेख कुणाची, हे प्रश्न येतील. येऊ देत, त्यांना उत्तरं आहेत.

आणि ग्रामसभेची वाट न बघता आज रात्री एवढं तरी करा. आई-वडिलांनी फोन पुढे केला की तो हातात घेऊ नका. शेजारी बसा आणि सांगा, "तुम्हीच करा, मी आहे."