फोनला ॲप लॉक आहे, मग दुकानातल्या कॉम्प्युटरला का नाही?

गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर, आधार, बँक खातं ही माहिती सांभाळणं आता कायद्याचाही विषय झालाय. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या सुरक्षेच्या तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. पुरेशी काळजी घेतली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

उदगीरसारख्या बाजारपेठेत एका आडत दुकानाचं उदाहरण घ्या. कॉम्प्युटर एकच, त्यावर मालक, मुनीम आणि मुलगाही बसतो. टॅली, शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि व्हॉट्सॲप वेब, सगळं उघडंच.

अडचण कुठे आहे?

आयओएस १८ पासून आयफोनमध्ये एकेका ॲपला फेस आयडी किंवा बोटाच्या ठशाचं कुलूप लावता येतं. अँड्रॉइड १५ मध्ये 'प्रायव्हेट स्पेस' आहे. विंडोजमध्ये मात्र ठसा चालतो तो मुख्यतः लॉगिनला. प्रत्येक प्रोग्रामला वेगळं कुलूप लावायची सोय त्यात नाही.

बाहेरून ॲप लॉकर टाकता येतो. पण बहुतेकदा तो फक्त प्रोग्राम उघडणं अडवतो. फोनमध्ये प्रत्येक ॲपची माहिती वेगळ्या कप्प्यात असते. विंडोजमध्ये एकाच खात्यातल्या फाईल्स दुसऱ्या प्रोग्रामनेही उघडता येतात किंवा पेन ड्राइव्हवर नेता येतात. म्हणजे दार बंद, खिडकी उघडी.

मग काय करायचं?

- प्रत्येकासाठी विंडोजचं वेगळं खातं करा. ॲडमिनचा अधिकार एकाकडेच ठेवा.
- उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबा. स्क्रीन लॉक होते.
- टॅलीत 'टॅलीव्हॉल्ट' वापरा. एक्सेलच्या फाईलला पासवर्ड द्या. इथे माहितीच कुलूपबंद होते.
- व्हॉट्सॲप वेबच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली असलेलं लॉक सुरू करा.

टॅलीव्हॉल्टचा किंवा एक्सेलचा पासवर्ड विसरलात, तर कंपनीही तो परत देऊ शकत नाही. वर्षाचा हिशेब अडकू शकतो. म्हणून तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, कॉम्प्युटरला चिकटवू नका.

आणि बोटाचा ठसा? विंडोज हॅलोमध्ये तो त्याच कॉम्प्युटरवर राहतो, बाहेर जात नाही. आधारवर पैसे काढताना मात्र ठसा पडताळणीसाठी आधारच्या यंत्रणेकडे जातो. तिथला गैरवापर टाळायचा, तर आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.