‘येतो’ न म्हणता गेलेले थ्रेड



मागच्या अंकातला पासवर्डवरचा लेख घरोघरी वाचला गेला, असं कळलं. या वेळचा विषय आमच्या कामाच्या जरा आतला आहे. इंजिनिअरिंगला असलेल्या किंवा नुकतीच नोकरी लागलेल्या मुलामुलींना तो सरळ उपयोगी पडेल. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यात एका चुकीच्या आरोपाची गोष्ट आहे आणि आरोप करणारी मी आहे.

आमच्या कंपनीत कारखान्यांसाठी एक छोटा डबा बनतो. तो यंत्रांचं तापमान, दाब वगैरे वाचतो आणि विचारेल त्या कॉम्प्युटरला कळवतो. आत तळहाताएवढा बोर्ड, त्यावर लिनक्स. एका ग्राहकाकडे हा डबा दर दोन-तीन दिवसांनी मुका व्हायचा. चालू तर दिसायचा, पण नवीन कनेक्शन घ्यायचाच नाही. बंद करून चालू केला की पुन्हा ठीक. शेवटी तो डबा आम्ही ऑफिसात मागवला.

आतल्या प्रोग्रॅमची रीत सोपी आहे. बाहेरून कोणी कनेक्शन केलं की त्याच्यासाठी एक नवा थ्रेड सुरू होतो. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या घरात काम करणारा एक गडी. आलेल्याला हवी ती माहिती द्यायची आणि आपण संपायचं, एवढंच त्याचं काम. हा भाग आमच्या टीममधल्या सगळ्यात धाकट्या मुलाने लिहिला होता. तोही बडोद्याचाच, मराठी घरातला, त्यामुळे ऑफिसात मला ‘ताई’ म्हणतो.

अशा छोट्या बोर्डवर पूर्ण डिबगर बसवणं अवघड असतं. म्हणून काम दोघांत वाटतात. बोर्डवर ‘जीडीबी-सर्व्हर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम चालतो, आणि खरा डिबगर जीडीबी आपल्या लॅपटॉपवर. मधे नेटवर्कची वायर. जीडीबी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहायला घेतला आणि आजही तो आमच्या रोजच्या वापरात आहे. दुरून असं डिबग करणं यालाच रिमोट डिबगिंग म्हणतात.

मी थ्रेड जिथे सुरू होतो तिथे ब्रेकपॉइंट लावला, म्हणजे प्रोग्रॅम तिथे आला की थांबेल. तासाभरात तो २३ वेळा थांबला, आणि दर वेळी पडद्यावर ओळ आली : ‘न्यू थ्रेड’ आणि त्याचा नंबर. पण थ्रेड संपल्यावर जी ‘एक्झिटेड’ची ओळ येते, ती एकदाही आली नाही. मी अनेक वर्षं स्वतःच्या कॉम्प्युटरवर जीडीबी वापरते. तिथे थ्रेड आला की एक ओळ, गेला की एक ओळ, हे डोळ्यांत बसलेलं. मग २३ आले आणि एकही गेला नाही, याचा अर्थ काय? गडी कामावर येतायत, पण घरी जातच नाहीत. घर भरून जातं आणि डबा मुका होतो. मला गुन्हेगार सापडला होता.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये, साहेबांसमोर, मी सांगून टाकलं, “थ्रेड संपतच नाहीयेत. तुझ्या कोडमध्ये गळती आहे.”

तो हळू आवाजात म्हणाला, “ताई, संपतात हो. मी तपासलं होतं.”

“मग संपल्याची ओळ कुठे आहे?” मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. तो गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या आधी ऑफिसात आला होता. तोच डबा, तोच प्रोग्रॅम, पण लॅपटॉप त्याचा. त्याने ब्रेकपॉइंट लावलाच नाही. प्रोग्रॅम पाच मिनिटं चालू दिला आणि कंट्रोल-सी दाबून थांबवला. मग पुन्हा चालवला, पुन्हा थांबवला. त्याच्या पडद्यावर ‘एक्झिटेड’च्या ओळी होत्या! पण एकेक करून नाही, थांबवल्यावर एकदम घोळक्याने. आणि गंमत म्हणजे मधल्या वेळात वीसेक कनेक्शन झाली होती, तरी त्याच्याकडे थ्रेड दिसले फक्त तीन.

म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या तीन हकिकती झाल्या. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आल्या-गेल्याची प्रत्येक ओळ. रिमोटवर माझ्या लॅपटॉपवर फक्त येणारे. रिमोटवरच त्याच्या लॅपटॉपवर येणारे थोडे आणि जाणारे घोळक्याने. खरं कोणाचं धरायचं?

याचं कारण समजायला आपल्या जुन्या घरातली आजी आठवा. ती दारासमोरच्या झोपाळ्यावर बसलेली असते. कोण आलं, कोण गेलं, तिच्या नजरेतून सुटत नाही. जाणाराही “येतो गं आजी” म्हणूनच उंबरा ओलांडतो. आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारा जीडीबी म्हणजे ही आजी. थ्रेड संपला की लिनक्सचा कर्नल तिला तिथल्या तिथे सांगतो आणि ती लगेच ओळ छापते.

रिमोट जीडीबी म्हणजे पुण्याच्या हॉस्टेलवरून घरी फोन करणारी मी. घरात कोण आहे हे मला फोन केल्यावरच कळणार. सकाळी आणि रात्री फोन केला, आणि मधे मामा येऊन चहा पिऊन गेले, तर माझ्या लेखी ते आलेच नाहीत. सकाळी घरात असलेले काका रात्रीच्या फोनमध्ये नसतील, तर ते गेले हे कळेल. पण किती वाजता गेले, ते नाही.

जीडीबी-सर्व्हर तिथे बोर्डवर असतो, त्याला सगळं दिसतं. पण प्रत्येक थ्रेडच्या येण्याजाण्याची खबर तो आपण होऊन लॅपटॉपला पाठवत नाही. पाठवली असती तर दर वेळी वायरवरून निरोप, त्याला उत्तर, असा खेळ झाला असता, आणि ज्या प्रोग्रॅममध्ये थ्रेड भराभर येतात-जातात तो अगदी रखडला असता. तशी खबर मागायची सोय दोघांमधल्या बोलीत आहे, पण नेहमी ती बंद असते. मग प्रोग्रॅम थांबला की जीडीबी नवी यादी मागतो आणि जुन्या यादीशी ताडून बघतो. जादा नाव दिसलं तर ‘न्यू थ्रेड’. एखादं नाव गायब असेल तर तो थ्रेड गेला. दोन थांब्यांच्या मधे जन्मून संपलेला थ्रेड कुठल्याच यादीत येत नाही. त्या मुलाच्या लॅपटॉपवर वीसऐवजी तीन दिसले ते यामुळे.

मग माझ्याकडे ‘एक्झिटेड’ एकदाही का नाही? तर माझा जीडीबी जुना होता, बोर्ड विकणाऱ्याने दिलेल्या सामानातला. पूर्वी ही ओळ छापायची जबाबदारी जीडीबीच्या प्रत्येक जोडणीवर वेगवेगळी होती. लिनक्सवर थेट चालणारा भाग ती छापायचा. रिमोटचा भाग नवा थ्रेड आल्याचं छापायचा, पण गेलेल्याचं नाव यादीतून गुपचूप खोडायचा. २०२३ च्या अखेरीस जीडीबीच्या कोडमध्ये हे काम एका ठिकाणी आणलं गेलं, आणि तेव्हापासून रिमोटवरही ती ओळ येऊ लागली. त्या मुलाकडे ही नवी आवृत्ती होती. माझे २३ थ्रेड व्यवस्थित काम करून गेले होते. माझ्या जीडीबीने ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ‘इन्फो थ्रेड्स’ एवढे दोन शब्द टाइप केले असते, तर त्या क्षणी हजर असलेल्यांची खरी यादी समोर आली असती.

मग डबा मुका का व्हायचा? आम्ही दोघांनी मिळून शोधलं. लिनक्समध्ये ‘प्रोक’ नावाच्या फोल्डरखाली प्रत्येक चालू प्रोग्रॅमची माहिती असते. त्यातल्या ‘टास्क’मध्ये त्याचे जिवंत थ्रेड दिसतात. तिथला आकडा पाच-सहाच्या वर जात नव्हता. ‘एफडी’मध्ये त्याने उघडलेल्या फाइल आणि कनेक्शन दिसतात. तो आकडा मात्र चढत होता. आमच्या डब्यावर त्याची मर्यादा १०२४ होती. समोरच्याने कनेक्शन अर्धवट तोडलं, तर एका वाटेवर ते आपल्या बाजूने बंद करायचंच राहून जात होतं. थ्रेड संपतो, पण त्याने उघडं ठेवलेलं कनेक्शन संपत नाही, कारण ते थ्रेडच्या नाही, अख्ख्या प्रोग्रॅमच्या नावावर असतं. गडी घरी गेला, दार उघडंच.

ते दार बंद न करणारं फंक्शन दोन वर्षांपूर्वीचं होतं. लिहिणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.

त्या संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मी तेही सांगितलं, त्याच साहेबांसमोर. आरोप चारचौघांत केला होता, तेव्हा माफी बाजूला घेऊन मागणं बरोबर झालं नसतं. तो मुलगा हसून म्हणाला, “जाऊ दे ना ताई.” पण आदल्या रात्री तो फारसा झोपला नव्हता, हे त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं.

तुमच्यापैकी कोणी रास्पबेरी पाय किंवा तसल्या बोर्डवर प्रोजेक्ट करत असेल, तर माझ्या या फजितीतून एवढं घ्या :

ओळींवरून हिशेब मांडू नका. रिमोटवर ‘न्यू’ आणि ‘एक्झिटेड’ यांची वजाबाकी करून किती थ्रेड जिवंत आहेत ते ठरत नाही. त्यासाठी ‘इन्फो थ्रेड्स’ विचारा, आणि बोर्डवरच्या ‘टास्क’ फोल्डरशी ताडून पाहा.

‘एक्झिटेड’ ओळीची वेळ म्हणजे थ्रेड संपल्याची वेळ नव्हे. जीडीबीला ते कळल्याची वेळ आहे. नेमका क्षण हवा असेल तर प्रोग्रॅममध्येच वेळेसकट नोंद लिहा.

दोन लॅपटॉपवर वेगळं दिसलं, तर भांडण्याआधी दोन्हीकडच्या जीडीबीची आवृत्ती बघा. शिवाय ‘प्रिंट थ्रेड-इव्हेंट्स’ हे सेटिंग कोणी बंद तर केलं नाही ना, तेही. ते बंद असेल तर या ओळी येतच नाहीत.

आणि ‘एक्झिटेड’ दिसलं म्हणजे सगळं आवरलं असंही धरू नका. जो थ्रेड ‘जॉइन’ही केला नाही आणि ‘डिटॅच’ही केला नाही, तो संपला तरी त्याच्या स्टॅकची जागा अडकून राहते.

घरी हे सगळं सांगत होते, तेव्हा आजीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुला फोनवर कोणी सांगितलं नाही, म्हणून माणूस घरातच आहे असं तू कशी धरून बसलीस?”

तिला थ्रेड माहीत नाही. पण माझी चूक तिने माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितली. आता रिमोटवर काम करताना पडद्यावर काही आलं नाही, की मी आधी फोन करते, म्हणजे यादी मागते. कोणाचं नाव घ्यायचंच असेल, तर ते त्यानंतर.

भेटू पुढच्या अंकात. तोवर येते हं!